शेजाऱ्यांचा जनरेटर

गुरुवार, ९ जानेवारी

आर्लिसने ही वही आणून दिली. म्हणाली, रोज थोडं लिही, सवय चांगली असते. लग्नाला बावन्न वर्षं झाली, आजवर चांगल्या सवयींवाचून माझं काही अडलं नव्हतं. पण पेनही सोबत आणलंय, तेव्हा लिहितो.

मी डेलमार टेश्के, वय चौऱ्याहत्तर. साउथ डकोटातल्या एका लहान गावात चाळीस वर्षं माझं छोट्या इंजिनांच्या दुरुस्तीचं दुकान होतं. गवत कापायची यंत्रं, पंप, जनरेटर. गुडघे गेलेत, डोकं ठिकाणावर आहे. चार वर्षांपूर्वी घर विकून हा चोवीस फुटी ट्रेलर घेतला. उन्हाळा उत्तरेत काढायचा, हिवाळा इथे अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, क्वार्टझसाइटच्या बाहेर.

आता मुद्द्याचं. आमचा पेट्रोलवरचा जनरेटर गेला. उन्हाळाभर टाकीत पेट्रोल तसंच राहिलं, त्याचा चिकटा झाला आणि कार्बोरेटर बुजला. ही चूक करून लोक माझ्याकडे यायचे तेव्हा मी भर दुकानात त्यांची हजेरी घ्यायचो. यंदा कुणीतरी टाकी रिकामी करायला विसरलं.

आर्लिस म्हणाली, ‘कुणीतरी म्हणजे कोण, डेलमार? आपण दोघंच तर असतो.’

मी टाकी रिकामी केल्याचं मला स्वच्छ आठवतं. हाताला आलेला वाससुद्धा आठवतो.

दुसऱ्या कुणाचा जनरेटर गेला तर त्याची कॉफी गार होते. आमचं तसं नाही. आर्लिसची फुप्फुसं दोन वर्षांपासून थकलीत. नाकाशी नळी लावून ती ऑक्सिजनच्या यंत्रावर श्वास घेते. यंत्र बॅटऱ्यांवर चालतं, बॅटऱ्या उन्हावर भरतात, आणि ऊन नसेल त्या दिवशी जनरेटर लागतो. तोही नसेल तर ऑक्सिजनच्या दोन बाटल्या आहेत, प्रत्येकी चार-पाच तासांच्या. त्यापुढचं मला लिहायचं नाही.

तूर्त शेजारच्या वेंडेलने त्याचा जनरेटर वापरायला दिलाय. पण दुसऱ्याच्या जिवावर किती दिवस काढणार? नवा घ्यायचाय. प्रश्न एकच आहे, प्रोपेनवरचा की पेट्रोलवरचा.

शनिवार, ११ जानेवारी

आमचं सहा ट्रेलरांचं वर्तुळ आहे. दर हिवाळ्यात तेच लोक, त्याच जागा. दुपारी सगळे खुर्च्या घेऊन मधोमध जमतात. आज मी जनरेटरचा विषय काढला आणि दोन तट पडले.

वेंडेल कॅनडातला वेल्डर, पेट्रोलवाला. ‘प्रोपेन म्हणजे जेवणाचा गॅस. त्यावर अंडी तळावीत, इंजिन चालवू नये. ताकदच नसते त्यात.’

ट्वायला एकटीच राहते. ओरेगनात शाळेची बस चालवायची, आवाज अजून तोच आहे. ती म्हणाली, ‘आणि तुझं पेट्रोल? ट्रकमध्ये डबे, हाताला वास, वर ते सहा महिन्यांत नासतं. डेलमारचंच बघ की.’

‘ते कुणीतरी विसरलं म्हणून,’ मी म्हणालो.

‘हो, कुणीतरी!’ ट्वायला हसली. आर्लिस हसली नाही.

मग वेंडेलने त्याच्या चुलतभावाची गोष्ट सांगितली. थंडीत त्याचा प्रोपेनचा सिलिंडर गारठला, गॅस वर येईना. त्याने बायकोचं विजेचं ब्लँकेट सिलिंडरला गुंडाळलं आणि त्याची पिन त्याच बंद पडलेल्या जनरेटरला लावून वाट बघत बसला. आम्ही पोट धरून हसलो. आर्लिसला हसताना दम लागला, म्हणून सगळे गप्प झालो.

संध्याकाळी तिने दाराच्या खिळ्याला लाल रुमाल अडकवला. आमच्या वर्तुळाचा हा नियम आहे. झोपायला जाताना रुमाल लावायचा, सकाळी आठच्या आत काढायचा. आठनंतर दिसला तर शेजारी येऊन दार ठोठावणार. पाच वर्षांपूर्वी, आम्ही यायच्या आधी, एक एकटा म्हातारा ट्रेलरमध्ये दोन दिवस मरून पडला होता, तेव्हापासून हे सुरू झालं. ट्वायला आठ वाजून एक मिनिटाने दार बडवते. ठोठावणं तिला ठाऊक नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

गावात जानेवारीत मोठ्या तंबूचा बाजार भरतो, तिथे गेलो. आर्लिसनेच गाडी चालवली, छोटी बाटली खांद्याला लावून. हल्ली ती मला स्टिअरिंगला हात लावू देत नाही. म्हणते, तुझे गुडघे दुखतात. दुखतात ते माझे, कळतात तिला.

जनरेटरवाला पोरगेला विक्रेता मला म्हणाला, ‘साहेब, काल तुम्हाला हेच सगळं दाखवलं की मी.’

मी म्हणालो, ‘बाळा, या तंबूत पांढरी दाढी आणि टोपी घातलेली हजार माणसं आहेत. मी दुसरा.’

त्याने आर्लिसकडे बघितलं. आर्लिस म्हणाली, ‘परत दाखव. आम्हाला घाई नाही.’

एक जनरेटर त्याने दाखवला तो दोन्हींवर चालतो. पेट्रोल घाला, नाहीतर प्रोपेनची नळी लावा. मी त्याला सांगितलं, दोन्ही डगरींवर हात ठेवणारी यंत्रं मी खूप उघडली आहेत, एकही धड नव्हतं.

आर्लिसचा प्रश्न मात्र प्रत्येक यंत्रापाशी एकच. ‘सुरू कसा होतो? दोरी ओढून की बटणाने?’

‘तुला काय करायचंय?’ मी म्हणालो. ‘सुरू करायला मी आहे ना?’

‘आहेस,’ ती म्हणाली. आणि पुढच्या यंत्रापाशी परत तेच विचारलं.

काही न घेता परतलो.

शुक्रवार, १७ जानेवारी

वेंडेलने आज एक नवीन गोष्ट सांगितली, लिहून ठेवण्यासारखी. त्याचा म्हणे एक चुलतभाऊ आहे. थंडीत त्याचा सिलिंडर गारठला तर या पठ्ठ्याने बायकोचं विजेचं ब्लँकेट त्याला गुंडाळलं आणि पिन त्याच बंद जनरेटरला लावली! मी खुर्चीतून पडायचा राहिलो. बाकीचे नुसते मान खाली घालून हसल्यासारखं करत होते. या लोकांना विनोद कळत नाही.

प्रोपेनचं पारडं जड होत चाललंय.

रविवार, १९ जानेवारी

आज मनापासून लिहितो. मला इथे कोंडल्यासारखं होतं.

बाहेर शंभर मैल मोकळं वाळवंट आहे आणि मी चोवीस फुटांच्या पेटीत आहे. फिरायला निघालो की ट्वायलाला नेमकं त्याच दिशेला जायचं असतं. ट्रकची चावी जागेवर नसते. काल ती कॉफीच्या डब्यात सापडली. मी आर्लिसला विचारलं, हे लपवालपवीचे खेळ कशासाठी? ती म्हणाली, ‘मी नाही ठेवली.’ मग काय चावी चालत गेली?

दुपारी जॅनेलचा फोन आला, आमची मुलगी, सू फॉल्सला असते. मी पलंगावर डोळे मिटून पडलो होतो, झोपलो नव्हतो. आर्लिस म्हणत होती, ‘अजून नाही सांगितलं... म्हणजे परत नाही सांगितलं. मार्चपर्यंत थांब गं. इथे तो खुशीत आहे. माणसं ओळखीची आहेत.’ मग बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘माझं काय व्हायचं ते होईल. त्याला कुठल्या खोलीत बंद केलेलं मला बघवणार नाही.’

सगळं माझ्या लक्षात आलंय. आर्लिसची फुप्फुसं बघून मुलीला आम्हाला परत न्यायचंय, आणि आर्लिसला भीती आहे की चार भिंतींत मी वैतागेन. म्हणजे बायको माझ्यापायी अडकलीय आणि मी तिच्यापायी. आम्ही दोघं एकमेकांना दाबून बसलोय आणि कुणीच उठत नाही.

चांगला जनरेटर आणला की हे सगळं सुटेल. यंत्राचा प्रश्न यंत्राने सुटतो.

मंगळवार, २१ जानेवारी

घेतला! प्रोपेनवरचा. बटणाने सुरू होतो, आवाज एखाद्या जुन्या फ्रिजइतका. ट्वायला वेंडेलसमोर नाचली. वेंडेल म्हणाला, ‘अंडी तळा आता त्याच्यावर.’

माझं कारण साधं आहे. प्रोपेन नासत नाही. टाकी रिकामी करायची भानगड नाही, कुणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही. आर्लिस म्हणाली, ‘हे मात्र खरं आहे, डेलमार,’ आणि माझा हात धरला. तिने माझं इतक्या लवकर ऐकल्याला बरीच वर्षं झाली असतील.

संध्याकाळी फिरून आलो तर ती जनरेटरपाशी वाकून उभी होती. बटण दाबायची, बंद करायची, परत दाबायची. मला बघून म्हणाली, ‘बघत होते.’ मला ते लागलं. माझ्यावर विश्वास नाही का?

शुक्रवार, २४ जानेवारी

तीन दिवस ढग आणि गार वारा. हीटर अखंड चालू. तोही प्रोपेनवर, जनरेटरही प्रोपेनवर, चूल आणि फ्रिजसुद्धा. ट्रेलरच्या पुढच्या दांडीवरच्या दोन सिलिंडरांपैकी एक आज संपला. उद्या भरून आणायला हवा.

ट्वायलाने आठवण केली, ‘एकच ने हं.’ मला हसू आलं. रिकामा न्यायचा, भरलेला जागेवर ठेवायचा. ट्रेलरवाल्यांची पहिली इयत्ता आहे ही. दुकानात हजार जणांना मी हे सांगितलं असेल. दोन्ही नेले तर मागे ट्रेलरमध्ये ना उष्णता, ना वीज. असले गाढवही बघितलेत मी.

शनिवार, २५ जानेवारी

हे आर्लिस लिहितेय. आजचा दिवस तो लिहू शकणार नाही, आणि कोरा राहावा असं मला वाटत नाही.

सकाळी साडेनऊला मी अंघोळीला गेले. बाहेर आले तर डेलमार नव्हता, ट्रक नव्हता. चावी मी माझ्या शिवणाच्या डब्यात ठेवली होती, ती त्याने शोधली. लहान मुलासारखा तो आता वस्तू फार छान शोधतो. मग माझ्या लक्षात आलं की हीटरचा आवाज येत नाही. बाहेर जाऊन बघितलं. दांडीवर दोन्ही सिलिंडर नव्हते.

मी जनरेटरचं बटण दाबलं. चार दिवस सराव केला होता त्याचा. तो नुसता खोकत राहिला, गॅसच नव्हता त्याला.

तीन दिवसांच्या ढगांनी बॅटऱ्या आधीच अर्ध्यावर आल्या होत्या. त्याच्या फोनवर फोन लावला, तो गादीवर वाजला. येईल आता, येईल आता, करत दीड वाजवला. लोकांसमोर त्याची शोभा होऊ नये म्हणून मी कुणाला हाक मारली नाही. हा माझा मूर्खपणा. यंत्र ओरडायला लागलं तेव्हा पहिली बाटली लावली. तिचा काटा बघितला तर ती अर्धीच होती, आणि तिच्यामागे एकच उरली होती. मग मी दारापर्यंत गेले आणि भर दुपारी लाल रुमाल बाहेर लावला. हाक मारण्याइतका दम नव्हता.

ट्वायला दोन मिनिटांत आली. तिने दार नाही बडवलं, ठोठावलं. तेवढ्यानेच मला रडू आलं. वेंडेलने त्याचा पेट्रोलचा जनरेटर आणून जोडला आणि ट्रक घेऊन डेलमारला शोधायला गेला.

डेलमार चारच्या सुमाराला सापडला. महामार्गाच्या दुसऱ्या अंगाला, जिथे आम्ही पहिल्या हिवाळ्यात मुक्काम केला होता. तिथे एका परक्या बाईशी भांडत होता की तिने आमच्या जागेवर तिचा ट्रेलर लावलाय, आणि विचारत होता, ‘माझी बायको कुठे नेऊन ठेवलीत?’ ट्रकच्या मागे दोन्ही सिलिंडर होते, काठोकाठ भरलेले, दोरीने नीट बांधलेले. अशी गाठ त्याच्याशिवाय कुणाला येत नाही.

डॉक्टरांनी सप्टेंबरमध्ये सांगितलं की त्याची स्मृती हळूहळू जाणार. त्याच दिवशी दवाखान्याबाहेर गाडीत बसून मी त्याला ते सगळं परत समजावलं. तो रडला, मग आम्ही अ‍ॅपल पाय खायला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो विचारतो, ‘काल कुठे गेलो होतो गं आपण?’ मी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा पहिल्यासारखाच रडला. त्यानंतर मला नाही सांगवलं. डॉक्टर म्हणाले होते, रोज लिहायला लावा. म्हणून ही वही.

डेलमार, तुला कोंडल्यासारखं होतं, मी तुझ्यावर पाळत ठेवते असं वाटतं. हो, ठेवते. मला श्वास घ्यायला तू लागतोस आणि तुला घरी यायला मी लागते. मला राग आलाय. आज मला फार भीती वाटली, आणि तू आलास तेव्हा राग कुणावर काढायचा तेच कळेना. तू दारात उभा राहून म्हणालास, ‘सिलिंडर भरून आणले बघ.’

सोमवार, २७ जानेवारी

वाचलं. दोनदा वाचलं. मग पहिल्या पानापासून वाचलं. ब्लँकेटची गोष्ट मी दोनदा लिहिलीय, दोन्ही वेळा नवी म्हणून.

सकाळ चिडण्यात गेली. आधी आर्लिसवर चिडलो, मग डॉक्टरवर. मग दुकान आठवलं. लोक बिघडलेलं इंजिन आणायचे आणि शपथेवर सांगायचे की आम्ही काही केलं नाही. मी टाकीचं झाकण उघडून त्यांच्या नाकाखाली धरायचो. आज वही माझ्या नाकाखाली आहे.

मी दोन्ही सिलिंडर नेले. आर्लिस मेली असती. हे माझ्या हाताने लिहून ठेवतोय, म्हणजे कुणीतरी केलं असं पुढे म्हणता येणार नाही.

दुपारी आम्ही तिघं, वेंडेल गाडी चालवायला, तंबूत गेलो आणि तो दोन्हींवर चालणारा जनरेटर आणला. विक्रेत्याला मी म्हणालो, ‘बाळा, तो दुसरा म्हातारा मीच होतो.’ आधीचा ट्वायलाने घेतला. नव्याच्या टाकीत कायम पेट्रोल राहील, ते नासणार नाही असं औषध घालून. प्रोपेनची नळी वेगळी. सिलिंडर जागेवर असोत नसोत, तो चालणार. दोन सिलिंडरांना दांडीवर साखळी आणि कुलूप लावलं. किल्ली वेंडेलकडे आहे. ट्रकच्या चाव्या मी स्वतः आर्लिसच्या हातात दिल्या. सोप्पं नव्हतं ते.

मग तिला शिकवलं. पांढऱ्या पट्टीवर ठळक अक्षरात लिहून यंत्राला चिकटवलं: आधी हा खटका, मग तो, मग बटण. दहा वेळा सुरू करायला लावलं, निम्म्या वेळा पेट्रोलवर, निम्म्या वेळा प्रोपेनवर. मी पाच पावलांवर खिशात हात घालून उभा राहिलो. हात सारखे बाहेर यायला बघत होते. दहाव्या वेळी तिने पट्टीकडे न बघता केलं.

‘कसं झालं, मास्तर?’ तिने विचारलं.

‘नोकरी देतो तुला दुकानात,’ मी म्हणालो.

मार्चमध्ये जॅनेल येऊन आम्हाला घेऊन जाईल. मी हो म्हटलंय. हो म्हटल्याचं इथे लिहितो, नंतर मी नाही म्हणालो तर हे पान दाखवा.

एक गोष्ट मी आर्लिसकडून कबूल करून घेतली. मी म्हणालो, ‘हे मी परत विसरलो तर मला परत सांगू नकोस. एकदा रडलो, दोनदा रडलो, आज तिसऱ्यांदा झालं. पुरे. मी काही विचारलं तर दुसरं काहीतरी चांगलं सांग.’

‘खोटं बोलू?’

‘बावन्न वर्षं माझी कॉफी चांगली होते म्हणत आलीस ना? तसंच.’

ती हसली आणि तिला दम लागला. मी यंत्राचा काटा बघितला. दोनवर होता, बरोबर.

रविवार, १६ फेब्रुवारी

आर्लिसने ही वही दिली. म्हणाली, थोडं लिही. पहिली बरीच पानं कुणीतरी भरून ठेवलीत. दुसऱ्याचं खासगी वाचू नये, म्हणून मी कोऱ्या पानावरून सुरुवात करतो.

आज ढग आहेत. आमच्याकडे जनरेटर असायला हवा, आर्लिसच्या यंत्रासाठी. हे मला आज फार तातडीचं वाटतंय. ती जेवणाच्या टेबलाशी बसून बटाटे सोलतेय, नाकाशी नळी आहे, यंत्र चालू आहे. ऊन नसताना कसं चालू आहे, कोण जाणे.

बाहेर कुणाचा तरी जनरेटर चालू आहे. मी खिडकीशी उभा राहून बराच वेळ ऐकला. एका लयीत चाललाय, कुठेही अडखळत नाही. लावणाऱ्याला कामाची जाण आहे.

आर्लिसला विचारलं, ‘कुणाचा गं तो?’

तिने सुरी खाली ठेवली. म्हणाली, ‘शेजाऱ्यांचा. फार चांगले लोक आहेत.’

‘नवरा कामाचा माणूस दिसतोय.’

‘हो,’ ती म्हणाली. ‘त्यानेच बायकोला सगळं शिकवून ठेवलंय.’

हे बरं केलं त्याने. उद्या जाऊन त्याला भेटतो, आणि विचारतो की प्रोपेनवर चालवतोस की पेट्रोलवर.